अर्धा चुडा

बांगडी भरून घेताना बाईनं हात सैल सोडायचा असतो. एवढं एक केलं की बाकीचं काम आमचं. पण बायका ऐकतील तर शपथ! बोटं ताठ करतात, अंगठा वर काढतात, श्वास रोखून धरतात आणि बांगडी फुटली की आमच्याच नावानं ओरडतात. मग मीही ओरडते, "हात सोड की गं, मी काय खाते काय तुझा हात?" सांगलीच्या बाजारात माझं तोंड फटकळ म्हणून प्रसिद्ध आणि हात मऊ म्हणून. तोंडामुळं गेलेलं गिऱ्हाईक हातामुळं परत यायचं.

आम्ही मणेर, मुसलमान कासार. सासऱ्यांच्याही आधीपासून बांगड्यांचं दुकान. घरात दखनी उर्दू, दुकानात मराठी, आणि आसपासच्या गावांत लग्नाचे चुडे भरायला जाणं हा घरातल्या बायकांचा वाटा. सगळ्या गावांत मी भाभी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. जाताना तो मला हा आजार देऊन गेला. त्याला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. त्याच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्यात माझंही रक्त काढलं तेव्हा कळलं, एचआयव्ही. त्या दिवशी मी मनात हिशेब केला की वर्षभर तगले तरी पुष्कळ. आता केस पिकलेत, चष्मा लागलाय, जिना चढताना गुडघे बोंब मारतात. ज्या आजारानं मरायचं होतं तो रोजच्या एका गोळीनं गप्प बसतो, आणि गुडघे मात्र कशानंच ऐकत नाहीत.

घरात सगळ्यांना माहीत होतं. दिरानं तेव्हाच सांगून टाकलं होतं, "भाभी, तुम्ही घरच्या. दुकानात बसा, कोण उठवत नाही. पण ही गोष्ट बाजारात गेली तर दुकान बंद झालं समजा." त्याचं काय चुकलं? आमचा धंदा काचेचा. परक्या बायकांचे हात दिवसभर आमच्या हातात. कधी ओरखडा उठतो, कधी रक्ताचा थेंब येतो. बांगडी भरून हा रोग कुणाला लागत नाही, हे कुणाकुणाला समजावत बसणार?

म्हणून मी सांगलीत गोळ्या कधी घेतल्याच नाहीत. साताऱ्याला जायचे. तिथल्या रांगेत उभं राहिल्यावर कळलं की असं करणारी मी एकटी नाही. सांगलीकडचे साताऱ्याला येतात, साताऱ्याकडचे सांगलीला जातात, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. आमच्या आजारावर एसटीनं बरी कमाई केली असेल.

साताऱ्यात मी आधी नुसती रांगेत उभी राहायचे आणि गोळ्या घेऊन पळायचे. एकदा एक नवी बाई बाकावर बसून हमसून हमसून रडत होती. सगळे तिच्याकडं बघून न बघितल्यासारखं करत होते. माझं डोकं फिरलं. मी तिच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि म्हटलं, "रडून गोळी गिळता येत नाही, आधी पाणी पी. मी बघ, म्हातारी व्हायला लागले तरी मरेना." ती रडता रडता हसली. आतल्या समुपदेशक बाईंनी ते ऐकलं आणि मला विचारलं, दर महिन्याला येताच तर नव्या लोकांशी थोडा वेळ बोलाल का? मी बोलायला लागले. पुढं लहान मुलांचा गट माझ्याकडं आला. मग त्यांनी मला कॉलेजांत न्यायला सुरुवात केली. साताऱ्याच्या पोरापोरींसमोर माईक धरून मी सांगायचे, मला हा आजार आहे, गोळ्या नियमित घेतल्या तर रक्तातला विषाणू तपासणीत सापडतसुद्धा नाही, मी जेवते, भांडते, कमावते. पोरं टाळ्या वाजवायची. आणि परतीच्या गाडीतून सांगलीच्या स्टँडवर उतरले की माझं तोंड शिवलेलं. याची मला लाज वाटायची, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटायची.

त्या मुलांच्या गटातच ती पोर आली. आई-बाप दोघंही गेलेले, पोरीला जन्मापासून हा आजार. मामा-मामीनं सांभाळलेली. मामी तिला घेऊन दारातून आत आली, मला बघितलं आणि जागच्या जागी थिजली. मीही थिजले. ती आमच्या दुकानात येणारी बाई! सांगलीपासून जवळच्या गावची, दर सणाला माझ्याकडून हात भरून घेणारी. दोघीही एकमेकींच्या भीतीनं इतक्या लांब आलो होतो आणि नेमक्या एकमेकींसमोर उभ्या. मामी म्हणाली, "भाभी, तुमी न्हाई बघितलं, मी न्हाई बघितलं." मी म्हटलं, "आधी आत ये, पोर उन्हातनं आलीय."

त्या पोरीला गोळी गिळायला मी शिकवलं. गुळाच्या खड्याबरोबर. थुंकायची, मी ओरडायचे, मग दोघी रुसायचो. मला मूलबाळ नाही. माझा जीव तिच्यात कधी अडकला ते मला कळलंच नाही. साताऱ्यात ती मला मावशी म्हणायची, गावात गेले की भाभी. लहान असूनही तिचं हे कधी चुकलं नाही, आणि एवढ्या लहान पोरीनं ते चुकू नये याचं मला फार वाईट वाटायचं.

मोठी झाल्यावर ती पाचगणीला एका निवासी शाळेत मुलींची देखरेख करायला लागली. तिथंच राहायची. मुलगा फलटणकडचा, साखर कारखान्यात कामाला, तोही गोळ्यांवरचा, साताऱ्यातच भेटलेला. त्याला सगळं माहीत, त्याच्या आईला माहीत, इकडं मामा-मामीला माहीत. बास. दोन्हीकडच्या भावकीत कुणाला पत्ता नाही. लग्न ठरलं तेव्हा मी साताऱ्याच्या त्या खोलीत सगळ्यांना पेढे वाटले.

आणि मग लग्नाच्या तोंडावर तिचा फोन आला. आवाज बारीक. "मावशी, रागावणार नाहीस ना?" हे वाक्य ऐकलं की मी आधीच रागावलेली असते.

पाचगणीत तिच्या खोलीत राहणाऱ्या मुलींनी विचारलं होतं, रोज कसली गोळी खातेस गं? तिनं काहीतरी थाप मारली. त्यांनी परत विचारलं. मग तिनं गोळ्या लपवून घ्यायला सुरुवात केली, मग एक दिवस चुकवली, मग कितीतरी दिवस चुकवल्या. लग्न जवळ आल्यावर घाबरून पुन्हा सुरू केल्या होत्या. साताऱ्यात रक्त देऊन आली होती, रिपोर्ट यायचा होता. मुलाला तिनं खरं सांगितलं होतं. तो म्हणाला होता, रिपोर्ट काहीही येऊ दे, आपण मिळून बघू. तो पोरगा शहाणा आहे. मी शहाणी नाही. मी फोनवर इतकी बोलले की ती रडायला लागली, आणि फोन ठेवल्यावर मी रडले. मीच तिला थाप मारायला शिकवलं होतं की. विचारलं तर रक्तवाढीची गोळी म्हणून सांग, असं माझंच वाक्य.

तेव्हापासून मला चैन नव्हती. रिपोर्ट कसा येईल, विषाणू वाढला असेल तर औषध बदलावं लागेल का, लग्नात आजारी पडली तर, कुणाला संशय आला तर. चहात साखर दोनदा घालायचे. दीर म्हणाला, "भाभी, लग्न तुमचं आहे काय?" मी त्यालाही झापलं.

चुडा मीच भरायचा हे मामीनं आधीच सांगून ठेवलेलं. हळदीच्या आदल्या दिवशी मी हिरव्या बांगड्यांची पेटी घेऊन गावात गेले. सोप्यात सतरंजी टाकलेली, पाटावर नवरी, भोवती भावकीतल्या बायका. पोर हसली माझ्याकडं बघून. दंडात बारीक झाली होती.

तिच्या शेजारी पाटाला पाट लावून तिची चुलती बसलेली. म्हणजे तिच्या वारलेल्या बापाच्या थोरल्या भावाची बायको, त्याच गावातली. ही बाई सगळ्या गावाला पुरून उरणारी. तिच्या तोंडात कायम मिश्री, हिरड्या कायम सुजलेल्या, आणि त्या तोंडातून वर्षानुवर्षं एकच प्रश्न: हिचं आई-बाप एका मागोमाग एक गेलं कशानं? मामी दर वेळी काविळीवर ढकलायची. पण पोरीवर चुलतीचा जीव होता, हेही खरं. लग्नाचं अर्धं सामान तिनंच गोळा केलेलं.

"भाभी, ढिल्या बांगड्या भरू नकासा," तिनं मला दरडावलं. "चुडा कसा मनगटात बसला पायजे. आन् एका बैठकीत, एकाच मानसाच्या हातनं. मधी उठायचं न्हाई. अर्धा चुडा लय वंगाळ."

"मला शिकवता काय?" मी म्हटलं. बायका हसल्या.

तिच्या शब्दाखातर मी एक माप लहान घेतलं. आमच्या धंद्यात हीच शान असते, लहान माप हातात चढवणं. बिस्मिल्ला म्हणून पहिली बांगडी घातली. डावा हात झकास भरला. बायका गाणी म्हणत होत्या, मामी चहाचं बघत होती, आणि माझ्या डोक्यात एकच, रिपोर्ट, रिपोर्ट. उजव्या हाताच्या दोन-तीन चढल्या. पुढची अंगठ्याच्या मुळाशी अडली. पोरीला मी म्हटलं, हात सोड. तिनं सोडला होता. हात ताठ झाला होता तो माझा.

बांगडी वाढली. फुटली म्हणत नाहीत, लग्नघरात तर नाहीच. एक अणकुचीदार तुकडा तिच्या अंगठ्याखाली घुसला आणि रक्ताची धार लागली.

"आगं माझी बाय!" म्हणत चुलतीनं पोरीचा हात धरला. तुकडा उपटून टाकला आणि रक्त चोखून थांबवायला तो अंगठा सरळ आपल्या तोंडाकडं नेला. आमच्याकडं आयाबाया असंच करतात. लेकराचं बोट कापलं की तोंडात.

मला त्या क्षणी फक्त तिच्या सुजलेल्या हिरड्या दिसल्या आणि न आलेला रिपोर्ट दिसला. मी किंचाळले, "सोडा! तोंडात घालू नका!" आणि तिच्या मनगटावर असा फटका मारला की पोरीचा हात सुटून खाली पडला.

गाणं थांबलं.

तेवढ्या थेंबानं काही झालं असतं का? बहुतेक नाहीच. पण बहुतेक म्हणजे नक्की नव्हे, आणि प्रश्न चुलतीच्या जिवाचा होता. आजही मी तेच केलं असतं. पण किती चुकीच्या आवाजात केलं! शांतपणे फडकं पुढं केलं असतं, तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. कॉलेजांतून पोरांना सांगत फिरणारी मी, घाबरायचं नाही म्हणून, आणि वेळ आल्यावर सगळ्यांत मोठ्यानं मीच बोंबलले.

चुलती माझ्याकडं बघत राहिली. मग पोरीकडं. मग सावकाश तिनं विचारलं, "का वो भाभी? काय हाय पोरीच्या रक्तात?"

मामी दारात उभी होती, हातात ताट. तिचा चेहरा पांढराफटक. पोरीनं मान खाली घातली. सगळ्या बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या आणि एवढ्या वर्षांचा तो प्रश्न, कशानं गेलं, कशानं गेलं, त्या खोलीत येऊन बसला होता. परवा लग्न. मी गप्प राहिले असते तर चुलतीला दोन आणि दोन जोडायला किती वेळ लागला असता?

मी फुटक्या बांगडीचे तुकडे डाव्या मुठीत घेतले आणि मूठ आवळली. दुखलं. मग मूठ उघडून तिच्यासमोर धरली.

"पोरीच्या नाही," मी म्हटलं. "माझ्या. हे बघा, मघाशी माझाही हात कापलाय, माझं रक्त लागलं असेल तिच्या हाताला. मला एचआयव्ही आहे."

हे वाक्य मी साताऱ्यात शेकडो लोकांपुढं बोललेय. इथं ते बोलताना माझे दात एकमेकांवर आपटत होते.

बायका सरकल्या. सतरंजी ओढली गेली, एवढ्या जोरात सरकल्या. कुणीतरी आपल्या हातातल्या बांगड्यांकडं बघितलं, माझ्याच हातच्या होत्या. आणि चुलती, जी मला जन्मभर अहोजाहो करत आली, ती म्हणाली, "आन् तू आमच्या हातात बांगड्या भरत हुतीस?"

"होय."

"इतकी वर्सं?"

"होय. कुणाला झालं काही?"

तिनं आपल्या मनगटावरच्या बांगड्या चाचपल्या. मला वाटलं, सुटलो. पण ती सुटू देणारी नव्हती. तिनं पोरीचा दंड धरला. "मग आता हिला लागलं आसंल की! उठ गं. चल मिरजंला. आत्ताच्या आत्ता रगत तपासून घिऊ."

या अल्लाह! पोरीला वाचवायला मी जे बोलले तेच तिला दवाखान्यात न्यायला निघालं होतं. रक्त तपासलं की संपलं. मामीच्या हातातलं ताट कलायला लागलं.

मी उभी राहिले. कॉलेजात बोलते तशी बोलायला लागले, तेवढंच मला येतं. म्हटलं, माझ्या गोळ्या रोजच्या आहेत, माझ्या रक्तात आता तो तपासून सापडत नाही. बांगडी भरून तर तो कधीच कुणाला लागलेला नाही. शिवाय आज लागलेलं आजच्या तपासणीत दिसत नाही, दिसायला आठवडे जातात. मग आज मिरजेला जाऊन करायचं काय? नवऱ्याकडच्या लोकांत पोरीचा बोभाटा करायचा?

"मग वरडलीस कशाला?" चुलती म्हणाली. "काय हुत न्हाई म्हंतीस, तर मला मारलंस कशाला?"

बाई हुशार. तिला वकील करायला पाहिजे होतं. मी खरं होतं तेच सांगितलं. "भीती वाटली. मला सगळं माहीत आहे, मी लोकांना शिकवते. तरी भीती वाटली. एवढी वर्षं झाली, भीती जात नाही."

तिनं पोरीचा दंड सोडला. तिला ते पटलं असावं. भीती कुणालाही पटते.

तेवढ्यात पोरगी पहिल्यांदा बोलली. "काकी, अर्धा चुडा घिऊन बसू व्हय मी?"

बायकांत चुळबुळ झाली. एक हात भरलेला, दुसरा जवळजवळ मोकळा. दुसरा कासार आणावा तर माणूस बदलतं. भरलेला उतरवावा तर लग्नाआधी नवरीच्या हातातला चुडा उतरवायचा? ते उच्चारायचीही कुणाची छाती झाली नाही. आजार एका बाजूला आणि अपशकुन दुसऱ्या बाजूला, आणि मी बघत होते, अपशकुन जड व्हायला लागला. शेवटी चुलतीच म्हणाली, "भर. पर हातात पिशव्या घाल."

कुणीतरी खरंच प्लॅस्टिकच्या पिशव्या आणल्या, साखरेच्या. मी त्या घालायला घेतल्या. काय करणार?

"न्हाई," पोरगी म्हणाली. "उघड्या हातानं."

तिच्या अंगठ्याला चिंधी बांधली, माझ्या मुठीला मी ओढणीची कड बांधली. मोठं माप काढलं. आता ती तिचा हात इतका सैल सोडून बसली होती की बांगड्या जणू आपोआप जात होत्या. मध्येच तिनं माझी बोटं दाबली. वर बघितलं तर तिचे डोळे भरलेले आणि ओठ हलायला लागलेले. "काकी," ती म्हणाली, "भाभींनी माझ्यापायी..." मला कळलं ही काय बोलणार आहे. मी तिच्या तळहाताला असा चिमटा काढला की ती "आई गं" म्हणून ओरडली आणि पुढचं गिळून बसली. रागानं बघितलं तिनं माझ्याकडं. बघू दे. शेवटची बांगडी मी तशीच चढवली.

"ह्या खोलीतलं ह्या खोलीत ऱ्हाईल," चुलती उठता उठता सगळ्यांना म्हणाली. "पोरीला काच लागली हे नवऱ्याकडं कळलं तर माझ्याशी गाठ हाय." जिच्या तोंडाची मला सगळ्यांत जास्त धास्ती होती, तीच आता दाराला उभी राहून पोरीची राखण करत होती. तिला माहीत नव्हतं ती कशाची राखण करतेय. माझं रक्षण मात्र त्यात नव्हतं, तेही मला समजलं.

चुडा भरल्यावर नवरी बांगडी भरणारीच्या पाया पडते आणि घरची बाई सुपात शिधा घालून तिच्या पदरात देते. पोरगी वाकायला लागली तशी चुलती ओरडली, "लांबनं!" पोरगी लांबूनच वाकली. मग मामी शिधा घेऊन आली. तांदूळ, गूळ, नारळ. आम्ही दोघींनी मिळून त्या पोरीला वाढवलं होतं, तापात तिच्या उशाशी बसलो होतो. मी ओढणी पसरली. मामीनं माझ्याकडं बघितलं नाही. तिनं सूप उंबऱ्याच्या बाहेर जमिनीवर ठेवलं, पायानं थोडं पुढं सरकवलं आणि मागं झाली.

तिनं बरोबर केलं. चुलती बघत होती. मामीनं माझ्या ओढणीला हात लावला असता तर प्रश्न उठला असता, हिला कशी भीती वाटत नाही? हे सगळं मला उंबऱ्याशी वाकतानाच कळलं. तरी रस्त्यानं येताना मी हुंदके देऊन रडले. कळण्यानं काय होतं?

मी सांगलीत पोहोचायच्या आधी बातमी पोहोचली होती. दीर दुकानाच्या पायरीवर उभा. तो ओरडला नाही, तेच जास्त लागलं. "पुढं बसू नका आता," एवढंच म्हणाला. तेव्हापासून मी मागच्या अंधाऱ्या खोलीत मापं लावते, गड्ड्या बांधते. काही गिऱ्हाईकं तुटली, काही राहिली. लग्नाला मी गेले नाही. लग्नानंतर साताऱ्याहून पोरीचा फोन आला, विषाणू थोडा वाढला होता, पण गोळ्या सुरू झाल्यात, डॉक्टर म्हणाले येईल खाली. मी तिला पुन्हा झापलं. आणि एक झालं. सांगलीतल्या एका कॉलेजच्या बाईंनी ती बातमी ऐकून मला बोलावलं, बोलाल का म्हणून. आता लपवायला उरलंच काय होतं? गेले. आता सांगलीतही बोलते. टाळ्या साताऱ्यापेक्षा कमी पडतात.

पण रोजची धास्ती गेली नाही. चुलती गप्प बसणारी बाई नव्हे. विचार करणारी बाई. घरी बसून तिनं तो फटका पुन्हा आठवला असेल, माझं ओरडणं आठवलं असेल, आई-बापाचं मरण त्याला जोडलं असेल, असं मला रोज वाटायचं. मामीला फोन करायची सोय नव्हती, तिनंच बंद करायला सांगितलं होतं. दुकानासमोर त्या गावच्या बायका थांबल्या की मी आतून कान देऊन बसायचे.

परवा दुपारी दुकानात ओळखीचा आवाज आला. पडद्याआडून बघितलं तर चुलती आणि मामी. सणाची खरेदी होती. दिरानं माप विचारलं, मामीनं सांगितलं, दीर आत आला. मी गड्डी काढून दिली. ती मी सकाळी स्वतः पुसून बांधलेली.

बाहेर चुलती म्हणाली, "आत ती आसंल. तिनंच बांधल्या असतील न्हवं ह्या?" आणि मग थोडी थांबून, मुद्दाम मामीकडं रोखून बघत असणार, "तुला काय वाटत न्हाई व्हय गं? चालतंय तुला?"

मी पडद्याची कड घट्ट धरली.

"मला कशाला चालतंय?" मामी मोठ्यानं म्हणाली, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "हिच्या हातच्या नकोत बाई मला. आमच्या पोरीला मारायला निघाली हुती ती."

"तेच म्हंते मी," चुलती म्हणाली. तिचा आवाज निवांत झाला. दोघी शेजारच्या दुकानात गेल्या.

दीर आत आला, मान खाली घालून. त्याला वाटलं मला लागलं असेल. मी भिंतीला टेकून खाली बसले होते आणि मला हसू आवरत नव्हतं. पोरगी सुखरूप होती.